पी.टी.च्या तासाला दप्तरं कोण राखतंय?

कुठल्याही शाळेत पी.टी.च्या तासाला ग्राउंडच्या कडेला नजर टाका, झाडाखाली नाहीतर पायरीवर एक पोरगं हमखास बसलेलं दिसतं. शेजारी दप्तरांचा ढीग, पाण्याच्या बाटल्या, कुणाचं घड्याळ, कुणाचा चष्मा. त्याला चालायला त्रास होतो म्हणून, नाहीतर नीट दिसत नाही म्हणून, फिट येते म्हणून, किंवा "त्याला समजत नाही हो मॅडम" म्हणून. आणि ह्यात कुणाच्या मनात वाईट नसतं बरं का, सगळ्यांना मनापासून वाटतं की आपण त्याला जपतोय, पडलाबिडला तर काय घ्या, घरचे विचारणार, हेडसर विचारणार, त्यापेक्षा बस बाळा तू इथं, सामान बघ. जरा बऱ्या शाळेत त्याच्या हातात स्कोअरची वही देतात. असं करत करत पहिलीपासून दहावीपर्यंत ते पोरगं खेळाच्या तासाला सामानच राखत राहतं आणि शाळा सोडताना त्याला आपल्या अंगात किती ताकद आहे, आपण कुठं चिकाटी धरू शकतो, हरल्यावर आपल्याला काय होतं, ह्यातलं काहीच माहीत नसतं.

मी कोल्हापुरात शाळेत खेळ शिकवते. आमच्याकडे सगळ्या तऱ्हेची मुलं आहेत, सरकारी कागदावर त्यातल्या काहींच्या नावापुढं सीडब्ल्यूएसएन, म्हणजे विशेष गरजा असलेलं मूल, असं लिहिलेलं असतं, बाकी ग्राउंडवर सगळी पोरंच. ह्या विषयावर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं कारण दुसऱ्या शाळांतले शिक्षक फोन करून विचारतात की तुम्ही काय काय करता, साहित्य कुठनं आणता, आणि फोनवर सगळं सांगून होत नाही.

पहिल्यांदा एक गोष्ट सांगते जी सगळ्यात जास्त घडते. पोराला दप्तराजवळनं उठवून खेळात घेतलं की काम झालं असं आपल्याला वाटतं. मुलं मनानं चांगली असतात, ती लगेच म्हणतात घेऊया ह्याला, हा कच्चा लिंबू. म्हणजे पळू दे सगळ्यांबरोबर, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही, त्याला आऊट करायचं नाही, त्यानं कुणाला आऊट केलं तरी ते धरायचं नाही. धाकट्या भावंडांना आपण सगळ्यांनीच असं खेळवलंय आणि चार वर्षांच्या पोराला ते चालतं, ते खूश असतं. पण तेरा वर्षांच्या पोराला कळतं हो. त्याला बरोबर कळतं की आपण ग्राउंडवर आहे पण डावात नाही. मग दोन-तीन तासांनी ते स्वतःच म्हणतं, मॅडम पाय दुखतोय, बसतो मी, आणि आपल्याला वाटतं बघा, ह्यालाच आवड नाही.

म्हणून आमच्या ग्राउंडवरचा पहिला नियम असा की कच्चा लिंबू कुणीच नाही. ज्याला खेळात घेतलं त्याला आऊट होता आलं पाहिजे आणि करताही आलं पाहिजे, त्याच्यामुळं टीम जिंकली पाहिजे आणि एखाद्या दिवशी त्याच्यामुळं हरलीसुद्धा पाहिजे. हे साधायचं तर खेळाचे नियम बदलावे लागतात, दया वाढवून भागत नाही. बाकी सगळी खटपट ह्याच एका गोष्टीसाठी.

कायदासुद्धा हेच म्हणतो, फक्त त्याच्या भाषेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कलम १६ आहे, त्यात शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि शिक्षणाबरोबर खेळाच्या, करमणुकीच्या संधी इतरांच्या बरोबरीनं द्यायच्या असं स्पष्ट लिहिलंय. कलम ३० तर अख्खं खेळावरच आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत, म्हणजे वर्गात कुणी ना कुणी ह्यात बसणारं असतंच, आपल्याला ते दिसत नाही इतकंच. आणि 'बरोबरीनं' म्हणजे दप्तर राखणं नक्कीच नव्हे.

आता नियम बदलायचे म्हणजे नेमकं काय करायचं. बाहेरच्या देशांत क्रीडाशिक्षकांना 'स्टेप' नावाची एक सोपी पद्धत शिकवतात, चार गोष्टींची इंग्रजी आद्याक्षरं घेऊन केलेली, जागा, काम, साहित्य आणि माणसं. खेळ एखाद्याला जमत नसला की पोराचं काय चुकतंय ते शोधायचं नाही, ह्या चारांतलं काय हलवता येतं ते बघायचं. मैदान लहान करता येईल का, चेंडू मोठा, हलका, आवाजाचा करता येईल का, पळायच्या ऐवजी दुसरं काही करता येईल का, जोडीला कुणी देता येईल का. ऐकायला एवढंसं वाटतं पण एकदा ही सवय लागली की हातात फक्कीचा डबा घेऊन ग्राउंडवर उभं राहिल्यावर आपोआप सुचायला लागतं.

लगोरीचंच घ्या. एका मुलाची डावी बाजू जन्मापासून कमजोर आहे, सेरेब्रल पाल्सी, पाय ओढत चालतो, डावा हात वाकलेला. त्याच्यासाठी आम्ही नेम मारायची रेघ जवळ आखली आणि त्याला आऊट करायचं तर चेंडू एक टप्पा घेऊन लागला पाहिजे असं ठरवलं. पहिल्या दिवशी तो टप्पा घेऊन आलेला चेंडू बरोबर पिंढरीला लागला आणि तो आऊट झाला. चिडला, चेंडू लाथाडला, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी काही बोलले नाही, बाकीच्यांनाही सांगितलं की समजूत घालू नका, तुमच्यातलं कोण चिडलं की कोण समजूत घालतं का? पुढच्या डावाला आपला आपण आला. पण खरी गंमत पुढं. त्याचा उजवा हात चांगलाच तयार निघाला आणि जवळच्या रेघेवरनं तो दर वेळी सातच्या सात पाडायला लागला. मग आरडाओरडा, "मॅडम, त्येची रेघ लई जवळ हाय, ही चिटिंग हाय!" आणि पोरांचं बरोबर होतं. रेघ दोन पावलं मागं घेतली. त्याचा चेहरा आधी पडला, मग त्यानं रेघेकडं बघितलं, बाकीच्यांच्या रेघेकडं बघितलं, मधलं अंतर डोळ्यांनीच मोजलं आणि म्हणाला, "चालतंय की." तक्रार करणाऱ्या पोरांचं मला जास्त कौतुक वाटलं खरं तर. ज्याच्याबद्दल चिटिंगची तक्रार होते तो खेळाडू झाला.

सगळ्यांची रेघ सारखी असली पाहिजे हे डोक्यातनं काढायला मोठ्यांना वेळ लागतो. मुलांना लागत नाही. मुलांना एवढंच पाहिजे असतं की डाव रंगला पाहिजे, आधीच ठरलेला नको.

दुसरा मार्ग उलटा. दिव्यांग मुलाला आपल्या खेळात आणायच्या ऐवजी सगळ्यांनी त्याच्या खेळात जायचं. बसून खेळायचा व्हॉलीबॉल हा त्यातला सगळ्यात सोपा, कुठल्याही शाळेला जमेल असा. नेदरलँड्समध्ये १९५६ च्या सुमारास सुरू झाला, १९८० पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. मैदान १० बाय ६ मीटर, नेटची उंची पुरुषांना १.१५ मीटर आणि महिलांना १.०५ मीटर. चेंडू खेळताना बूड जमिनीला टेकलेलं पाहिजे, उचललं की फाऊल. आणखी एक फरक म्हणजे समोरच्याची सर्व्हिस ब्लॉक करता येते, उभ्या व्हॉलीबॉलमध्ये ते चालत नाही, त्यामुळं हा खेळ भलताच फास्ट होतो. आम्ही हॉलमध्ये मॅट टाकून बॅडमिंटनचं नेट खाली बांधतो, झालं.

इथं काय होतं बघा. शाळेच्या व्हॉलीबॉल टीमचा कॅप्टन, चांगला उंच, उडी बघण्यासारखी, तो खाली बसला आणि अडकलाच. चेंडू हातभर बाजूला पडला तरी पोचता येईना, कारण पाय कामाचे नाहीत म्हटल्यावर सरकायचं कसं हे त्याच्या अंगाला माहीतच नाही. समोर जो मुलगा होता त्याचे दोन्ही पाय लहानपणापासून लुळे, घरात तो हातांवरच फिरतो, तळहाताला घट्टे पडलेत. तो मॅटवर डावी-उजवीकडं असा सटासट सरकत होता की बघणाऱ्यांना समजेना हा कधी इकडं आला आणि कधी तिकडं गेला. दोन तळहात मागं टेकायचे, अंग उचलल्यासारखं करून ढकलायचं, आणि चेंडू यायच्या आत हात मोकळे करायचे, ही सगळी हालचाल त्याच्या अंगात मुरलेली. डाव संपल्यावर कॅप्टन त्याच्याजवळ सरकत गेला आणि विचारायला लागला, हात कुठं टेकतोस, बोटं कुठल्या बाजूला ठेवतोस. तो दाखवत होता, हा करत होता. मी लांब उभी होते, जवळ गेले नाही.

एक काळजी मात्र घ्यायची. ज्या मुलांना पाठीच्या कण्याच्या त्रासामुळं पायाला संवेदना नाही, त्यांना खरचटलेलं कळत नाही. फुल पँट घालायला लावायची आणि खेळ झाला की घरच्यांना नाहीतर त्या मुलाला स्वतःला पाय, मांड्या बघायला सांगायचं. जखम चिघळली की महिनोन्महिने जातात.

बोच्चाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण हा खेळ आपल्याकडं फार कमी लोकांना माहिती आहे आणि ज्या मुलांना काहीच खेळता येणार नाही असं सगळे धरून चालतात त्यांचा हा खेळ आहे. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे आणि ऑलिम्पिकमध्ये त्याच्यासारखा खेळच नाही. एक पांढरा चेंडू टाकायचा, मग एका बाजूचे ६ लाल आणि दुसऱ्या बाजूचे ६ निळे, ज्याचा चेंडू पांढऱ्याच्या जास्त जवळ त्याला गुण. आपल्या गोट्यांच्या डावात असतं तसंच, समोरच्याचा चेंडू ढकलून लांब घालवता येतो, स्वतःचा आड लावून वाट अडवता येते. मैदान साडेबारा बाय ६ मीटर. खरे चेंडू महाग पडतात, आम्ही जाड कापडाच्या पिशव्या शिवून त्यात चिंचोके भरले, ते जास्त घरंगळत नाहीत आणि ज्याची बोटं नीट मिटत नाहीत त्यालाही धरता येतात.

ज्यांना हातानं टाकताच येत नाही त्यांना उतरती पन्हाळी वापरता येते, त्याला रॅम्प म्हणतात. आम्ही प्लंबरकडनं पीव्हीसीचा पाइप उभा चिरून आणला आणि स्टुलाला बांधला. पन्हाळीवरनं मात्र चिंचोक्याची पिशवी घरंगळत नाही, तिथं रबरी चेंडू लागतो. आता ह्यात जो नियम आहे तो मला फार आवडतो. रॅम्प हलवायला खेळाडूबरोबर एक मदतनीस असतो, पण मदतनिसानं मैदानाकडं पाठ करून बसायचं. मागं वळून बघायचं नाही, स्वतःहून काही सुचवायचं नाही. खेळाडू सांगेल तसा रॅम्प डावीकडं, उजवीकडं, चेंडू वर, खाली. डोकं खेळाडूचं, मदतनिसाचे फक्त हात.

आमच्याकडं एक मुलगी आहे आठवीत, व्हीलचेअरवर असते, हात थरथरतात आणि बोलायला वेळ लागतो, एक शब्द पुरा व्हायला आपण दोन वाक्यं बोलू तेवढा वेळ. वर्गात काय होतं, तिनं तोंड उघडलं की शेजारचं कुणीतरी तिचं वाक्य पुरं करून टाकतं, प्रेमानंच, आणि ती गप्प होते. बोच्चाला तिची मदतनीस म्हणून आम्ही वर्गातली सगळ्यात बडबडी पोरगी दिली. तिला पाठ करून बसायला लागलं. मागं काय चाललंय ते दिसत नाही, मग करणार काय, ऐकावंच लागतं. पहिल्या डावाला ती मधेच, "डावीकडं? उजवीकडं? किती, एवढं?" मी शिट्टी मारली, मदतनिसानं बोलायचं नाही. मग ती बसली, डोळे मिटून, तोंड घट्ट मिटून. मागनं आवाज आला, "डा...वी...कडं." तिनं पाइप सरकवला. "अ...जून." सरकवला. "जा...स्त... झालं." परत घेतला. अख्खा हॉल थांबलेला. चेंडू सुटला, घरंगळत गेला आणि समोरच्याच्या निळ्याला धक्का देऊन पांढऱ्याजवळ टेकला. बडबडीनं ओरडून विचारलं, "काय झालं? सांगा की कुणीतरी, काय झालं?" आणि त्या दोघींत ज्या मुलीला बोलायला इतका वेळ लागतो तीच पहिल्यांदा बोलली. "आ...पला."

ही जोडी आता सुटत नाही. आणि वर्गात कुणी तिचं वाक्य तोडलं की बडबडी भांडायला उठते, "थांब की जरा, बोलतीय न्हवं ती."

गोलबॉल आम्ही अलीकडं सुरू केलाय. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये बसवलेला हा खेळ, एका बाजूला तिघं, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, चेंडूत घंटा, आवाजावरनं आडवं पडून चेंडू अडवायचा. पट्टी सगळ्यांनाच असल्यामुळं अजिबात न दिसणारा, थोडं दिसणारा आणि नीट दिसणारा तिघंही एकाच टीममध्ये बसतात. मैदान १८ बाय ९ मीटर, म्हणजे व्हॉलीबॉलचंच, त्यामुळं नवीन आखायला नको, फक्त रेघेवर सुतळी ठेवून वर चिकटपट्टी मारायची म्हणजे हाताला, पायाला रेघ कळते. खरा चेंडू सव्वा किलोचा असतो. आमचा म्हणजे जुना फुटबॉल, त्यावर जाड कापडाची खोळ आणि खोळीत घुंगरं, बेंदराला बैलाच्या गळ्यात बांधतात तसली. सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनी पूर्ण गप्प बसायचं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या तालमींची फुटबॉल मॅच बघून वाढलेली ही पोरं, त्यांना गप्प बसवायचं म्हणजे काय ते कोल्हापूरकरच समजू शकतील. पण बसतात. गोल झाला की मग मात्र छप्पर उडवतात, आणि ते नियमात बसतं. दृष्टी कमी असलेली एक सहावीतली मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, मी मधी बसतो, मला दोन्हीकडचं ऐकू येतं," आणि तेव्हापासून सेंटर तिचाच.

ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी तर फारच थोडं बदलावं लागतं, शिट्टीबरोबर हातात एक झेंडा ठेवायचा, बस. त्यांच्याकडं तोंड करून बोलायचं, पाठमोरं ओरडायचं नाही. फुटबॉलला श्रवणयंत्र काढून ठेवायचं की नाही हे घरी विचारून घ्यायचं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत मला स्पेशल ऑलिम्पिक्सची एक पद्धत पटते. ती चळवळ १९६८ मध्ये शिकागोच्या पहिल्या स्पर्धांपासून सुरू झाली आणि पुढं त्यांनी युनिफाइड स्पोर्ट्स आणलं, एकाच टीममध्ये बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू. पण कुणालाही कुणाबरोबर जोडायचं नाही, वय आणि खेळातली तयारी जवळपास सारखी पाहिजे, आणि एकट्यानंच सगळा खेळ ओढायचा नाही. हे फार महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडं मिक्स टीम केली की शाळेचा स्टार एकटाच चेंडू घेऊन पळतो, गोल मारतो आणि मग फोटोपुरतं त्या मुलाला खांद्यावर घेतो. त्या मुलाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला हे कुणी मोजत नाही. आम्ही फुटबॉलला नियम केला की प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. सुरुवातीला वैताग, मग पोरं पास द्यायला शिकली, आणि माझं मत विचाराल तर ह्या नियमामुळं जास्त फायदा चांगल्या खेळणाऱ्या पोरांचा झाला.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक क्रीडाशिक्षकाला माहीत पाहिजे. त्यातल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यामुळं कोलांटउडी, पाण्यात सूर मारणं, हेडर, कुस्ती असल्या गोष्टी डॉक्टरला विचारल्याशिवाय करून घ्यायच्या नाहीत. बाकी खेळ खुशाल. आणि फिट येणाऱ्या मुलांना पोहायला बंदी घालायच्या ऐवजी डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि पाण्यात त्याच्यासाठीच नेमलेला एक माणूस ठेवा. भीतीनं सगळंच बंद करणं सोपं असतं, काय बंद आणि काय चालू हे नीट शोधणं कष्टाचं असतं, पण ते आपलं कामच आहे.

पालकांचं सांगते. दिव्यांग मुलांच्या घरी भीती असते, जास्त करून आज्जीला. "आमचं पोरगं पडंल की ओ." मी म्हणते पडेल, आज्जी, बाकीची पोरं रोज पडतात, गुडघे बघा त्यांचे. तुम्ही एक तास येऊन ग्राउंडवर बसा. आज्जी आल्या, बसल्या, दुसऱ्या तासाला त्या रेफ्रीशी हुज्जत घालत होत्या. दुसऱ्या बाजूचे पालक जास्त अवघड. त्यांची मुलं जिल्हा, विभाग खेळायच्या तयारीत असतात, दहावीला खेळाचे ग्रेस मार्क मिळायचे असतात, त्यांना वाटतं ह्या सगळ्यात आमच्या पोराचा सराव बुडतोय. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. स्पर्धेचा सराव सकाळी वेगळा आहे आणि तो तसाच राहणार, पण पी.टी.चा तास अख्ख्या वर्गाचा आहे, टीमचा नाही. एवढं स्पष्ट सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांची मुलं ऐकतात.

आणि सगळं कायम एकत्रच पाहिजे असाही माझा हट्ट नाही. कधी ऐकू न येणाऱ्या मुलांना आपली आपली मॅच पाहिजे असते, खुणांनी भराभर बोलत खेळायचं असतं, त्यात आपण घुसायचं नाही. फक्त दिव्यांग मुलांच्या वेगळ्या स्पर्धाही हव्यातच, कारण पुढं जायची वाट तिकडनंच जाते. फक्त ती मुलाची निवड पाहिजे, आपली सोय नको.

कोल्हापूरला ह्यातलं नवीन काही सांगायला नको खरं तर. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते "सगळी पोरं" म्हणून. नसीमा हुरजूक दीदींनी १९८४ मध्ये ह्याच गावात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली, स्वतः व्हीलचेअरवर बसून. खाशाबांचं १९५२ चं पदक आणि स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पदक आपल्याला तोंडपाठ आहे, पण टोकियो पॅरालिम्पिकमध्ये १० मीटर रायफलमध्ये चौथा आलेला स्वरूप उन्हाळकर आपल्या कोल्हापूरचा आहे हे किती पोरांना माहिती आहे? शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर, १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सोनं, पॅरालिम्पिकमधलं देशाचं पहिलं. आटपाडीकडच्या करगणीचा सचिन खिलारी, पॅरिसमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटर टाकून रौप्य. मी हे वर्गात सांगते तेव्हा "अपंग असूनही" हे शब्द वापरत नाही. १६.३२ मीटर म्हणजे किती ते फक्कीनं ग्राउंडवर आखून दाखवते आणि गोळा हातात देते. टाका म्हणते. मग सांगायची गरज राहत नाही.

एक तक्रार मात्र आहे आणि ती मनापासून आहे. व्हीलचेअरसाठी रॅम्प बांधले जातात ते ऑफिसपर्यंत आणि वर्गापर्यंत. ग्राउंडपर्यंत फार कमी शाळांत जातात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात अडथळा नसलेली इमारतही आहे आणि मैदानही आहे, पण इमारतीतनं मैदानात जायला पाच पायऱ्या असतात आणि त्या पाच पायऱ्यांवर सगळं अडतं. पावसाळ्यात तर लाल मातीत व्हीलचेअरची चाकं रुततात, दोघा पोरांनी उचलून न्यावं लागतं, आणि उचलून नेलेलं मोठ्या पोरांना आवडत नाही, आपल्यालाही आवडलं नसतं. एक सिमेंटचा पट्टा, बास. खर्च फार नाही. ज्या शाळांत नवीन ग्राउंडचं काम चाललंय त्यांनी आत्ताच हे बघून घ्या, नंतर फोडाफोडी नको.

साहित्य कुठनं आणता ह्याचं उत्तर वरती आलंच, पाइप, चिंचोके, घुंगरं, सुतळी. फक्त मॅट कमी पडतात. कुणाच्या तालमीत, क्लबमध्ये जुने पण धड असलेले मॅट पडून असतील तर आपल्या जवळच्या शाळेला द्या.

आमच्याकडं सध्या बसून खेळायच्या व्हॉलीबॉलच्या आंतरवर्गीय मॅचेस चालल्यात आणि मोठं भांडण लागलंय. हातांवर फिरणारा जो मुलगा सांगितला ना, तो सातवी अ चा. सातवी ब नं लेखी अर्ज दिलाय, खाली अख्ख्या वर्गाच्या सह्या, की तो असला की समोरच्याला चान्सच राहत नाही, तर एक तर त्यानं एकाच हातानं खेळावं नाहीतर त्याच्या वर्गानं एक गडी कमी खेळवावा. त्यानं उलट अर्ज दिलाय की गडी कमी करा, चालतंय, पण हात दोन्ही पाहिजेत. शनिवारी दोन्ही कॅप्टनना बोलावलंय.